पीएचडीला 'महिला उद्योजकांच्या समस्या' सोडून काय घेता येईल?

निशिगंध_सातारा
नमस्कार मंडळी, कॉमर्समधून पीएचडी करतेय, सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात द्यायचाय. गाइड म्हणतात 'महिला उद्योजकांच्या समस्या' घे, एक तालुका धर, शंभर प्रश्नावल्या भरून आण, होऊन जाईल. पण लायब्ररीत याच नावाचे प्रबंध ओळीने लावलेत, फक्त तालुका बदललेला, आणि निष्कर्ष काय तर भांडवल मिळत नाही आणि घरच्यांची साथ नाही. मला खरंच नवीन काहीतरी करायचंय, बाहेर या विषयात काय चाललंय कुणी सांगाल का?

कोयनाकाठ
ताई, आधी क्लॉडिया गोल्डिन वाचा, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल. अमेरिकेतला दोनशे वर्षांचा डेटा त्यांनी खणून काढला, तर जुन्या जनगणनेत लग्न झालेल्या बाईच्या धंद्याच्या रकान्यात नुसतं 'पत्नी' लिहिलेलं, मग ती शेतात राबो नाहीतर दुकान सांभाळो. आपल्याकडे वेगळं काय आहे? मी सर्व्हेला गेलो होतो तेव्हा एक मावशी म्हशीची धार काढता काढता म्हणाल्या, 'मी काय करत न्हाई, घरीच असते' आणि मीही तसंच लिहून आलो, त्याची आजही टोचणी आहे.
२०१९ च्या टाइम यूज सर्व्हेत (लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो त्याची सरकारी पाहणी) घरकाम करणाऱ्या बायकांचा घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७. आणि पीएलएफएसमध्ये, म्हणजे रोजगाराच्या सरकारी पाहणीत, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होतं ते २०२३-२४ ला ४१.७ झालं, पण त्यात घरच्या शेतात, धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या किती ते बघा, माझ्या मते खरा विषय तिथे आहे.

बॅलन्सशीट
मॅनेजमेंटकडून बघायचं तर कंपन्यांच्या संचालक बोर्डावरच्या बायका. नॉर्वेने ४० टक्के सक्ती केली, नंतर बर्ट्रांड वगैरे अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर बोर्डावर ज्या गेल्या त्यांचं भलं झालं पण खालच्या पदांवरच्या बायकांना फारसा फायदा दिसला नाही. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत किमान एक महिला संचालक लागते, ती प्रवर्तकाच्या घरातली आहे की स्वतंत्र, हे वार्षिक अहवालातून काढता येतं, प्रश्नावली भरायची गरजच नाही. अजून एक, क्लेव्हन आणि मंडळींचा डेन्मार्कचा पेपर बघा, पहिल्या मुलानंतर बाईची कमाई पुरुषाच्या मानाने साधारण २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते.

निशिगंध_सातारा
खूप आभार दोघांचे! कोयनाकाठ दादा, तुमच्या त्या मावशींवरून आठवलं, माझी आई पहाटे चारला उठून लोकांच्या ऑर्डरचे पापड लाटायची आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय 'गृहिणी' असं मीच लिहायचे. एकाच घरात आधी 'काम करता का' विचारायचं आणि मग कालचा दिवस तासातासाने विचारायचा, दोन्ही उत्तरांत किती फरक पडतो ते मोजायचं, असं चालेल का? आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना उत्तर बदलतं का, तेही टिपलं तर?