मदत हवी आहे: आईची औषधं परदेशात चालतील का?

आईला पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम चालू आहे, आता दुबईमार्गे जपानला जायचंय. यूएईत ट्रॅमाडॉल कंट्रोल्ड आहे, न्यायचं तर आधी ऑनलाइन परवानगी लागते हे कळलं, पण नुसतं विमान बदलायचं असेल, एअरपोर्टबाहेर पडायचंच नसेल तरी काढावी लागते का? जपानात तर सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांवर असेल तरी बंदी आहे, त्यामुळे जाम टेन्शन आलंय. डॉक्टरांकडून जेनेरिक नाव आणि डोस लिहिलेलं पत्र घेतेय, पण स्ट्रिप्स कापून दिल्यात, नाव अर्धंच दिसतं, त्या चालतील की अख्ख्याच न्याव्यात? आणि डोस बंद करणं शक्य नाहीये. कोणी हल्लीच नेली असतील तर प्लीज सांगा, एम्बसीला विचारलं होतंत की थेट तिथल्या आरोग्य खात्याला?