निवडणूक खर्चाची तक्रार: कार्यालय पोच तपासते, हिशेब खरा की खोटा ते कोण तपासणार?

आवकजावक

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की तहसीलमध्ये खर्चाच्या तक्रारी सुरू होतात. मर्यादा ओलांडली, ढाब्यावर जेवणावळी झाल्या, आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन झाले आणि हिशेबात मात्र चहा-नाश्ता व दोन रिक्षांचे बारा हजार दाखवले. अर्ज राज्य निवडणूक आयोगाला लिहिला तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग होतो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे. परत येताना एकच ओळ येते: ‘तथ्य आढळून आले नाही’.

माझे म्हणणे असे की कायदा आहे, पण त्याचा अर्धाच भाग वापरला जातो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार ज्याने ठरवलेल्या मुदतीत आणि ठरवलेल्या रीतीने खर्चाचा हिशेब दिला नाही, आणि त्याला सबळ कारणही नाही, त्याला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येते. आयोगाने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. जिल्हा परिषद कायद्यात १५-ब हे तसेच कलम आहे. प्रत्यक्षात ‘मुदतीत’ एवढाच शब्द पाहिला जातो. निकालापासून ३० दिवसांत कागद आला, पोच फाडली, विषय संपला. ‘रीतीने’ या शब्दात खरेपणा येतो की नाही, हे कोणी विचारतच नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ मध्ये जवळपास हेच शब्द आहेत, आणि त्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अशोक चव्हाण प्रकरणात मे २०१४ मध्ये सांगितले की हिशेब खरा आहे का, हे तपासण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाला आहे. मग १४-ब खाली जिल्हाधिकाऱ्यांना तो का नसावा?

दुसरी अडचण तारखांची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. कलम १५ खाली निवडणूक याचिका निकालापासून १५ दिवसांत करावी लागते. हिशेब द्यायला ३० दिवस. तो माहिती अधिकारात मागितला तर आणखी ३० दिवस. ज्या कागदावरून खोटेपणा दाखवायचा, तो हाती येईपर्यंत न्यायालयाचे दार बंद झालेले असते. महापालिकांत याचिकेची मुदत तर १० दिवसांचीच आहे.

मागण्या दोन. उमेदवाराने दिलेला रोजचा हिशेब त्याच दिवशी सूचना फलकावर लागावा. आणि कागदपत्रांसह तक्रार आली असेल तिथे जिल्हाधिकाऱ्यांनी हिशेबाच्या खरेपणावर सुनावणी घ्यावी.

तहसील_कट्टा

पहिली मागणी मान्य. दुसरीला विरोध, आणि तो कामचुकारपणातून नाही.

आकडे मांडा. एका तालुक्यात एका वेळी ६० ग्रामपंचायती धरा, सरासरी ११ सदस्य, जागेमागे अडीच उमेदवार. हे १,६५० हिशेब झाले. सरपंचपदाचे तीन-तीन धरले तर आणखी १८०. हे सगळे एका नायब तहसीलदाराच्या आणि दोन कारकुनांच्या टेबलावर, आणि त्याच महिन्यात त्यांच्याकडे पीक पंचनामे आणि दाखलेही असतात. खरेपणाची सुनावणी म्हणजे नोटीस, म्हणणे, कागद, उलट म्हणणे, कारणांसह आदेश. तो आदेश तोकडा पडला की उच्च न्यायालयात रद्द होतो.

त्याहून महत्त्वाचे, १४-ब चा मार आज कोणावर पडतो ते बघा. पाकिटे वाटणारा माणूस हिशेब वेळेवर आणि नीटनेटका देतो, कारण त्याच्याकडे ते करणारा माणूस असतो. अडकते ती पराभूत उमेदवार, जिला वाटते की हरल्यावर कसला हिशेब. अडकतो तो बिनविरोध आलेला, ज्याला वाटते की खर्चच झाला नाही. हिशेब दोघांनाही द्यावाच लागतो, शून्य खर्चाचा असला तरी. राखीव जागेवर उभ्या केलेल्या बाईंचे कागद दुसराच कोणी सांभाळत असतो, आणि पाच वर्षांची अपात्रता मात्र बाईंच्या नावावर लागते. या कलमाला आणखी धार लावण्याआधी, किरकोळ चूक आणि लबाडी यांना वेगळी शिक्षा हवी. आज पोटकलम (२) खाली आयोग अपात्रता काढू शकतो किंवा मुदत कमी करू शकतो, पण ते गावातल्या किती जणांना माहीत असते?

फौजदारी_दिवाणी

अशोक चव्हाण प्रकरणातल्या २०१४ च्या निकालाचा आधार घेताना पुढचे पानही वाचावे. निवडणूक ऑक्टोबर २००९ ची, भोकर मतदारसंघ. तक्रार ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांची. सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा अधिकार मान्य केला मे २०१४ मध्ये. आयोगाने हिशेब रीतीने दिला नाही असे म्हणत जुलैमध्ये नोटीस काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये आयोगाचा आदेश रद्द केला. तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती. मध्य प्रदेशात तेव्हाचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगाने जून २०१७ मध्ये अपात्र ठरवले, तेही मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकले नाही. दोन्ही ठिकाणी खरा प्रश्न एकच होता: खर्च उमेदवाराने केला, किंवा त्याच्या संमतीने झाला, हे सिद्ध झाले का? देशाच्या आयोगाला जे जड गेले, ते जिल्हाधिकारी महिन्याभरात कसे करणार?

तक्रारी पडतात त्या बहुतेक मांडणीमुळे. ‘गावात पैशांचे वाटप झाले’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने रिकामे आहे. कोणी, कोणाला, कुठे, किती वाजता, किती रुपये, आणि मत मागून दिले का, एवढे हवे. भारतीय न्याय संहितेत लाचेची व्याख्या कलम १७० मध्ये आहे, शिक्षा १७३ मध्ये: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. नुसते खाऊ-पिऊ घातले असेल तर फक्त दंड. गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात गेल्यावर पोलीस अदखलपात्र नोंद घेतात, आणि तपासासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती मागायचा अर्ज तक्रारदार करत नाही, म्हणून कागद तिथेच पडून राहतो.

मोबाईलमधल्या चित्रफितीबद्दल: मूळ फोन जपून ठेवा. फोनमधून पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीला साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा संकेतांक) लिहावे लागते आणि तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो. जालना मतदारसंघाच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब चे असे प्रमाणपत्र बंधनकारक ठरवले. ते मिळवायचे सगळे प्रयत्न करूनही मिळाले नाही, तरच सूट.

आकडेमोड

मर्यादेबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने खर्चाच्या मर्यादा वाढवल्या. ग्रामपंचायतीत ७ ते ९ सदस्य असतील तर सदस्याला ४० हजार, थेट सरपंचाला ७५ हजार. ११ ते १३ सदस्यांसाठी ५५ हजार आणि दीड लाख. १५ ते १७ साठी ७५ हजार आणि २ लाख ६५ हजार. मुंबई, पुणे, नागपूर महापालिकांत १५ लाख.

आता १७ सदस्यांच्या गावातल्या सरपंचपदाच्या प्रचाराचा हिशेब करू. चार जीप, दहा दिवस, रोजचे अडीच हजार: एक लाख. तीन रात्री तीनशे माणसांचे जेवण, ताट १२० रुपये: एक लाख आठ हजार. सहा बाय चारचे साठ फ्लेक्स, चौरस फुटाला १५ रुपये: २१ हजार ६००. बेरीज २ लाख २९ हजार ६००. अजून मंडप, भोंगा, हँडबिले, बूथवरची माणसे बाकी. जेवणावळी वगळल्या तर मात्र या मर्यादेत प्रचार आरामात बसतो. म्हणून ‘मर्यादाच अवास्तव आहे, म्हणून खोटे हिशेब’ हे कारण आता मला पटत नाही. मर्यादा फक्त जेवणावळीला आणि पाकिटाला पुरत नाही, आणि ती तशी पुरूही नये.

चोरी दोन ठिकाणी होते. एक, दर. प्रशासन प्रचारसाहित्याचे दरपत्रक ठरवते. उमेदवार त्याहून कमी दराचे बिल आणतो आणि ते तसेच स्वीकारले जाते. दोन, तारीख. खर्च मोजायचा तो उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. वाढदिवसाचे फ्लेक्स, हळदी-कुंकवाच्या साड्या, देवदर्शनाच्या बस हे सगळे अर्जाच्या आधी उरकलेले असते. त्यावर १४-ब ची कितीही कडक सुनावणी घ्या, हाती काही लागणार नाही. आवकजावक यांच्या मागणीत हे भोक तसेच राहते.

बांधावरून

मला वाटते वाद चुकीच्या महिन्याबद्दल चालला आहे. निकालानंतर पुरावा तयार होत नाही, तो प्रचारातच करावा लागतो. आचारसंहिता संपली की भरारी पथक मोडते, निवडणूक निर्णय अधिकारी आपल्या मूळ कामावर जातो, आणि पंचनामा करायला जागेवर काहीच उरत नाही.

काय करावे: जेवण चालू असतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना फोन आणि त्यापाठोपाठ लेखी अर्ज. अर्जावर आवक क्रमांक, तारीख आणि वेळ घेणे. वेळ सगळे विसरतात. पथक दोन तासांनी आले, तर ती वेळच पुढे कामाला येते. अर्जात ‘कारवाई करावी’ एवढेच लिहू नये. ‘जागेवर जाऊन पंचनामा करावा, ताटे आणि गाड्या मोजाव्यात, चित्रीकरण करावे, आणि हा खर्च दरपत्रकाप्रमाणे संबंधित उमेदवाराच्या खात्यात धरावा’ असे लिहावे. शेवटचा भाग नसेल तर पथक पंगत उठवून निघून जाते आणि खर्च कोणाच्याच नावावर लागत नाही.

अनेक जण ‘सी-व्हिजिल’ ॲपवर तक्रार टाकायला जातात. ते भारत निवडणूक आयोगाचे आहे, लोकसभा-विधानसभेसाठी. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्या दोन वेगळ्या संस्था आहेत.

आवकजावक

आकडेमोड, तारखेचे भोक मान्य. अर्जाआधीचा खर्च १४-ब मध्ये येत नाही, त्याला कायदाच बदलावा लागेल.

तहसील_कट्टा, मी १,८३० हिशेब तपासा म्हणत नाही. तक्रार असेल तेवढेच, आणि तेही तक्रारदाराच्या शब्दावर नाही. सरकारी दप्तरातच तीन कागद तयार असतात: वाहनांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि सभेची परवानगी. त्यांना उमेदवाराची सही असलेला अर्ज जोडलेला असतो, म्हणजे संमतीचा प्रश्नच येत नाही. परवाना सहा गाड्यांचा आणि हिशेबात दोन, तर उरलेल्या चार कशावर चालल्या? याला साक्षीदार लागत नाही. चौथा कागद हँडबिल: त्यावर मुद्रकाचे नाव आणि प्रतींची संख्या छापलेली असते. पाच हजार प्रती छापून बिल एक हजाराचे लावले, तर ते तिथेच दिसते. फौजदारी_दिवाणी म्हणतात तो पुराव्याचा डोंगर पाकिटांसाठी खरा आहे, गाड्यांसाठी नाही.

फौजदारी_दिवाणी

हे पटते, एक भर घालतो. फ्लेक्सबद्दल उमेदवार हमखास म्हणतो, ‘कार्यकर्त्यांनी स्वतःहून लावले, मला माहीत नाही’. तिथे न्याय संहितेचे कलम १७६ दाखवावे. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हाच गुन्हा आहे, दंड दहा हजारांपर्यंत. सूट आहे ती दहा रुपयांच्या आतल्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांत लेखी मंजुरी घेतली तर. म्हणजे सुनावणीत उमेदवाराला निवड करावी लागते: खर्च माझ्या संमतीचा होता, किंवा माझ्या कार्यकर्त्याने गुन्हा केला. हा प्रश्न लेखी विचारला की बहुतेकदा खर्च हिशेबात धरायला तो तयार होतो.

तरीही १४-ब खाली पाच वर्षांची शिक्षा चार गाड्यांसाठी द्यावी, हे मला मान्य नाही. गाड्या धरून बेरीज मर्यादेच्या आत राहत असेल, तर दुरुस्ती आणि कलम १७७ चा पाच हजारांपर्यंतचा दंड पुरेसा आहे.

तहसील_कट्टा

परवानगीच्या नोंदींशी ताळा घालणे हे काम कारकून करू शकतो, हिशेबामागे दहा मिनिटे. ते मी मान्य करतो. पण ते ३० व्या दिवसानंतर नको. रोजचा हिशेब येतो तेव्हाच, प्रचारात, तफावतीची नोटीस द्यावी. मग उमेदवाराला सुधारायची संधी मिळते, आणि न सुधारल्यास ‘सबळ कारण नाही’ हे आपोआप नोंदले जाते. निकालानंतर हरलेल्या गटाच्या अर्जावर उघडलेली चौकशी गावात वैर वाढवते. सरपंचाच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली की ग्रामनिधीची कामेही अडतात.

आवकजावक

प्रचारातच ताळा घातला गेला तर मला निकालानंतरची सुनावणी क्वचितच लागेल. पण लागेल तेव्हा दार उघडे हवे, कारण शेवटच्या दोन दिवसांचा खर्च रोजच्या हिशेबात कधीच वेळेवर येत नाही, आणि सर्वांत जास्त पैसा त्याच दोन दिवसांत जातो. इथे आपले मतभेद राहतील.

ज्यांना आत्ताच करायचे आहे त्यांच्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जातली मागणी अशी लिहा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, प्रत पानाला दोन रुपये: ‘अमुक प्रभागातील सर्व उमेदवारांचे दैनंदिन व अंतिम खर्च विवरण, सोबतची बिले, बँक खात्याचा उतारा, निवडणूक कालावधीतील वाहन, ध्वनिक्षेपक व सभा परवानग्यांच्या नोंदींची प्रत, आणि प्रशासनाने निश्चित केलेले दरपत्रक.’ एकाच उमेदवाराचे नाव घालू नका. सगळ्यांचे मागितले तर अर्ज हरलेल्या गटाचा ठरत नाही, आणि तुलना करायला दुसऱ्यांचे दरही हाती येतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून दिली गेली असेल तर तिथे वेगळा अर्ज करा. निकाल लागण्याची वाट पाहू नका. प्रचार सुरू झाल्याच्या आठवड्यातच पहिला अर्ज टाका.