हिवाळ्यातला पाऊस आणि डोंगर : तुमचे अनुभव लिहा

पावसाळ्यात अंजनेरी चिंब भिजून उतरलेले आपण सगळेच. थंडीतलं भिजणं मात्र निराळं. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे माथ्यावर पारा सहा-सात अंशांनी खाली, त्यात वारा. अवकाळीने डोंगरात गाठलं असेल तर नक्की लिहा. सुरुवात मी करते.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्याच दिवशी निफाडकडे गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. आम्ही सहा जण बारीहून कळसूबाईला गेलेलो. उतरताना आभाळ भरून आलं. विजा कडाडत होत्या, म्हणून लोखंडी शिड्यांपासून लांब थांबलो आणि तिथेच भिजलो. सतरा वर्षांचा भाचा आधी कुडकुडत होता, मग गप्प झाला. मला वाटलं, सावरला. बिस्किटाचा पुडा दिला तर त्याला तो फोडता येईना. बोटं कागदावरून नुसती घसरत होती. "मावशी, झोप येतेय," म्हणाला, तेही जड जिभेने. अंग ओलं असताना कुडकुडणं थांबलं की धोका वाढलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सोबतची मैत्रीण नर्स आहे. तिने त्याचे ओले कपडे काढायला लावले, आपला कोरडा स्वेटर घातला, सगळ्यांच्या मध्ये बसवून वर प्लास्टिकचा कागद धरला. मी तळवे चोळायला गेले तर ओरडलीच, "चोळू नकोस!" थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. बऱ्याच वेळाने तो पुन्हा कुडकुडायला लागला, तेव्हा मला रडूच फुटलं.

⁂

साल्हेर, जानेवारी. राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. वाघांब्याहून चढून गंगासागर तलावाजवळच्या गुहेत मुक्काम केला. सकाळी धुकं इतकं, की पुढच्याची सॅक दिसेना. तरी परशुराम मंदिराकडे निघालो आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच तलावाच्या काठावर! दोघं म्हणाले, अजून एकदा बघू. मी वयाने मोठा, ठाम नाही म्हटलं. वाट दिसत नसताना कड्याच्या डोंगरावर चालत राहायचं नाही. गुहेत परतलो, खिचडी टाकली. दहानंतर शेजारचा सालोटा किल्ला दिसू लागला, मग हललो.

⁂

आम्ही हरिहर किल्ला चढलोच नाही. डिसेंबरात रात्रभर भुरभुर झालेली. निरगुडपाड्यात चहावाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, पायऱ्या वल्ल्या हायेत, हात टिकायचा न्हाई." त्या उभ्या पायऱ्यांवर खोबणीत बोटं रुतवूनच चढावं लागतं. दोन चहा घेतले आणि त्र्यंबकला दर्शन घेऊन घरी आलो.