मदत हवी आहे: पुण्यात कपल्सचं विश्वासू वर्तुळ कसं शोधायचं? (शनिवारच्या आत)

निळीछत्री (सोमवार, रात्री ११.५२)
नवीन आयडी आहे, कारण उघड आहे. आम्ही दोघं, चाळिशीच्या आत, लग्नाला अकरा वर्षं, राहायला कोथरूडच्या पुढे. स्विंगिंग (जोडप्यांनी आपसांत जोडीदार बदलणं) आणि किंक (दोरीने बांधणं वगैरे), दोन्ही. आमचं आपसांत बऱ्याच दिवसांपासून ठरलंय, आता अडलंय ते माणसांपाशी. टेलिग्रामवर दोन ग्रुप पाहिले. एकात सगळे एकटे पुरुष, दुसऱ्यात मोजून चार जण बोलतात. पुण्यात गाजावाजा न करता चालणारं, ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं कुणी समोर येणार नाही असं वर्तुळ आहे का? असेल तर आत कसं जायचं? शनिवारच्या आत कळलं तर बरं. उपदेश नको. ‘समुपदेशकाकडे जा’ तर अजिबात नको.

पेठेतलाभिडू
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. डु (डुप्लिकेट) आयडी कुणाचा ते ओळखा, बक्षीस एक मस्तानी.

मुठाकाठ
दादा, शनिवारी काय आहे? घाई असेल तर कशाची ते लिहा, म्हणजे नीट सांगता येईल.

सौतिरकस
आणि वहिनींना विचारलंय का? ‘आम्ही दोघं’ लिहिणारे बरेचदा एकटेच असतात, असा या संस्थळाचा इतिहास आहे.

टेकडीवररोज
कोरेगाव पार्कचा आश्रम विसरलात काय राव. पुण्यात हे सगळं तिथेच सुरू झालं. तिकडे चौकशी करा.

मुठाकाठ
टेकडीवररोज, आश्रम १९७४ ला पुण्यात आला, तुमची माहितीही तेव्हाचीच दिसतेय. तिथे लोक ध्यानाला जातात. ‘स्वॅपिंग आहे का’ असं गेटवर विचारून बघा आणि काय झालं ते इथे येऊन लिहा.

निळीछत्री
दादा, राव बंद करा. मीच वहिनी. नवरा शेजारी बसून हे वाचतोय आणि हसतोय. आता उत्तर द्याल का?

पेठेतलाभिडू
मस्तानी कॅन्सल.

गाठनिरगाठ
वहिनी म्हणा किंवा नका म्हणू, एक विचारतो. तुम्ही ‘स्विंगिंग आणि किंक, दोन्ही’ असं एका दमात लिहिलंय. यातलं तुमचं काय आणि नवऱ्याचं काय? विचारायचं कारण असं की ही दोन वेगळी वर्तुळं आहेत. माणसं वेगळी, रीत वेगळी. स्विंगिंगवाले स्वतःला ‘लाइफस्टाइल कपल’ म्हणवतात. त्यांच्यातल्या कित्येकांना दोरी म्हटलं की वाळत घातलेले कपडे आठवतात. आणि किंकवाल्यांत असे कितीतरी आहेत की ज्यांना दुसऱ्याच्या जोडीदारात काडीचा रस नाही.

निळीछत्री
मला दोरी. त्याला दुसरी जोडपी. मला जोडप्यांचं चालेल, त्याला दोरीचं चालेल. म्हणून दोन्ही लिहिलं. हे इतकं महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं.

लाइफस्टाइल१४
फार किस पाडू नका. आम्ही २०१४ पासून आहोत, अनुभवाने सांगतो. फील्ड हे ॲप घ्या, त्यात नवरा-बायकोची प्रोफाइल जोडता येते. चेहऱ्याचा फोटो लावू नका. पाच-सहा जोडप्यांशी बोला, त्यातलं एक बरं निघतं. मग थेट गोवा. पुण्यात काहीही करू नका, पुणं हे गाव आहे. लक्ष्मी रोडला पावशेर पेढे घ्यायला गेलं तरी तीन ओळखीचे भेटतात.

गाठनिरगाठ
‘पाच-सहांत एक बरं निघतं’, म्हणजे हापूसची पेटी आहे का? आणि थेट गोवा म्हणजे जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, नको वाटलं तर परतायला रिक्षा मिळत नाही, तिथे पहिल्यांदा भेटायचं?

लाइफस्टाइल१४
तुम्ही दोरीवाले भेटीगाठी आणि चर्चासत्रांतच वर्षं घालवता. आमच्याकडे सरळ असतं. सॉफ्ट (संभोग सोडून बाकीचं) की फुल, एका खोलीत की वेगळ्या, हे आधी विचारायचं, चौघांनी हो म्हटलं तर पुढे, एक जण नाही म्हणाला तर चौघंही बाहेर. इतकं साधं.

गाठनिरगाठ
शेवटचं वाक्य बरोबर आहे, तेवढ्यापुरतं +१.

छत्रीताई, किंककडून यायचं असेल तर रस्ता असा. फेटलाइफ नावाचं संस्थळ आहे, कॅनडातून २००८ पासून चालतं. ते जोड्या जुळवायचं ॲप नाही, आपल्या या संस्थळासारखंच, फक्त विषय वेगळा. तिथे पुण्याचे गट आहेत. खरं नाव, खरा फोटो नको, पण प्रोफाइल कोरी ठेवू नका. दोन महिने वाचा, चर्चेत लिहा. त्यातून ‘मंच’चं निमंत्रण येतं. हा मंच म्हणजे व्यासपीठ नव्हे (मी पहिल्यांदा चक्क फाइल आणि पेन घेऊन गेलो होतो). साध्या कॅफेत, साध्या कपड्यांत, दिवसाउजेडी आठ-दहा जणांनी बसून कॉफी पिणं. तिथे काहीही होत नाही. कोण वेटरशी कसं बोलतो, कोण दुसऱ्याला बोलू देतो, कोण पहिल्या दहा मिनिटांत नंबर मागतो, हे बघायला ती भेट असते. मी गेलो त्या पहिल्या भेटीत दीड तास बाणेरच्या ट्रॅफिकवर चर्चा झाली. दिल्लीत सुरू झालेला किंकी कलेक्टिव्ह हा गट संमती आणि सुरक्षिततेवर बोलतो, त्यांचंही वाचून ठेवा.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू दे. तोही तिथेच बसलेला असतो ना.

जुनाहिंगणेकर
अवांतर: या धाग्याला नाकं मुरडणाऱ्यांनी र. धों. कर्वे आठवावेत. ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. आणि तो खटला कशावरून? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! म्हणजे ‘मदत हवी आहे’ धाग्यावरूनच म्हणा ना. आम्हा पुणेकरांची परंपरा मोठी आहे.

दादरपश्चिम
मासिक मुंबईतून निघायचं. खटला मुंबईत. त्यांच्यावर तुटून पडणारे सनातनी मात्र पुण्याचेही होते. परंपरा नक्की कुठली घेताय?

जुनाहिंगणेकर
वडील हिंगण्याचे. बाकी आपलं चालू द्या.

मुठाकाठ
धाग्याचं काश्मीर करू नका. छत्रीताई, शनिवारचं अजून सांगितलं नाहीत.

कायदाकलम
कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. म्हणजे प्रौढांनी राजीखुशीने केलेल्या गोष्टीसाठी त्या कलमाखाली आता गुन्हा नाही. पण घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्यात अजून आहे. त्यातली मेख कलम २३ मध्ये आहे: ज्याची स्वतःची साथ किंवा मूकसंमती होती, त्याला त्याच कारणावर घटस्फोट मागता येत नाही. तेव्हा दोघांचं ठरलंय ते दोघांच्या मेसेजमध्ये कुठेतरी असू द्या.

पुण्यात विचारावंच लागतं म्हणून विचारतो: नवरा लष्करात नाही ना? २०१८ चा तो निकाल सैन्यदलांच्या शिस्तीच्या कायद्यांना लागू नाही, हे न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. तिथे नोकरीवर येऊ शकतं.

आणि पैसे. माणशी वर्गणी काढून जेवण आणलं, ठीक. कुणी ‘एंट्री’ घेऊन पार्टी भरवत असेल तर १९५६ च्या पिटा (देहव्यापारविरोधी) कायद्याखाली धाड घालायला निमित्त मिळतं. कोर्टात टिकेल न टिकेल, तुमची रात्र चौकीत जाते.

निळीछत्री
नवरा आयटीत आहे, हिंजवडी. पैशांचं वाचून पोटात गोळा आला. शनिवारचं सांगते. टेलिग्रामवर एका जोडप्याशी ओळख झाली, बावधनचे म्हणाले. पवना धरणाजवळ फार्महाऊस घेतलंय, सहा जोडपी, जोडप्यामागे ३,५०० रुपये. निम्मे आधी पाठवायचे होते, ते गेले. शुक्रवारी व्हेरिफिकेशनसाठी व्हिडिओ कॉल करायचाय. पण त्याआधी अशी आणखी माणसं आहेत का, ती कशी असतात, ते बघावं म्हणून इथे आले.

मुठाकाठ
आणखी काय पाठवलंय? खरं सांगा, कुणी रागावणार नाही.

निळीछत्री
दोघांच्या आधारचे फोटो.

सौतिरकस
अगं बाई.

लाइफस्टाइल१४
दहा वर्षांत आमच्याकडे कुणी आधार मागितलं नाही. मागितलं असतं तर आम्ही पळालो असतो. त्या जोडप्यातली बाई कधी बोललीय का तुमच्याशी? आवाजात? लिहिणारा ‘आम्ही’ म्हणतो म्हणून दोघं असतात असं नाही.

निळीछत्री
नाही. ती लाजाळू आहे म्हणाला.

सौतिरकस
मघाशी तुम्हाला जे म्हणाले ते चुकीच्या माणसाला म्हणाले, माफ करा.

कायदाकलम
व्हिडिओ कॉल करू नका. तो रेकॉर्ड होतो, मग तुमच्या फोन नंबरवरून नातेवाईक आणि ऑफिस शोधून पैसे मागितले जातात. मागणी आलीच तर एक रुपयाही देऊ नका, दिला की रक्कम वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. धमकावून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येतं. कलम ७७ मुद्दाम लक्षात ठेवा: चित्रण करायला बाईची संमती होती पण ते इतरांना दाखवायला नव्हती, तरी दाखवणारा गुन्हेगार. ‘तूच तर कॅमेऱ्यासमोर आलीस’ हे उत्तर चालत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. पुढे हॉटेलला वगैरे द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एकटाजीव२९
ताई व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मी एकटा आहे पण सभ्य आहे. जिम करतो.

सौतिरकस
आला!

संपादक
एकटाजीव२९, धाग्यावर व्यनिची जाहिरात नको. दुसऱ्यांदा सांगणार नाही.

स्टेथोवाली
समुपदेशक नको म्हणालात, पण प्रयोगशाळा नको म्हणाला नाहीत. कुणाबरोबर काही होण्याआधी दोन्ही जोडप्यांनी एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), हिपॅटायटिस बी आणि सी करून एकमेकांना दाखवावं. लाज वाटत असेल तर ज्याच्यासमोर कागद दाखवायची लाज वाटते त्याच्यासमोर बाकीचं कसं जमेल? नुकतीच झालेली एचआयव्हीची लागण काही आठवडे चाचणीत दिसत नाही, म्हणून कागद चांगला आला तरी कंडोम लागतोच, आणि जोडीदार बदलला की कंडोमही बदलायचा. हे घाईत विसरतात. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आजच सुरू करा, तीन डोस, सहा महिने. ससूनला एचआयव्हीची तपासणी मोफत होते, राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७.

टेकडीवररोज
आपल्या पुण्याच्या सीरमची एचपीव्ही लस पण आहे की, सर्व्हाव्हॅक. ती घ्या.

स्टेथोवाली
ती ९ ते २६ वयासाठी आहे. ताई चाळिशीच्या आत आहेत, इतक्या आत नाहीत.

निळीछत्री
कॉल रद्द केला. ‘तुमच्यासारख्या टाइमपास लोकांमुळे कम्युनिटी खराब होते’ असा मेसेज आला आणि ब्लॉक. १,७५० गेले. नवरा दोन तास बोलत नव्हता, आता चहा करतोय. दोरीचं विचारू का? पुस्तकी नको.

गाठनिरगाठ
विचारा की. कुणाबरोबरही करण्याआधी घरी नवऱ्याकडून शिकून घ्या, तो दोरीला ‘चालेल’ म्हणालाय ना. सुती दोरी, कुठल्याही दुकानातली, धुऊन मऊ केलेली. मनगटावर आवळायची नाही, दोरी आणि कातडीत दोन बोटं सरकली पाहिजेत. अंगठ्यात किंवा बोटांत मुंग्या आल्या, बोटं वर उचलता येईनात, की तो ‘सहन करायचा’ क्षण नव्हे. नस दाबली गेलेली असते आणि हात आठवडेच्या आठवडे लुळा राहू शकतो. बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री हाताशी, ड्रॉवरमध्ये नव्हे. गळ्याभोवती काहीही नाही, कधीच नाही. बांधलेल्या माणसाला खोलीत सोडून दाराची बेल वाजली म्हणून जायचं नाही. आमच्याकडे एकदा गॅसवाला आला होता, तो परत गेला, सिलिंडर चार दिवसांनी मिळाला.

सेफवर्ड, म्हणजे म्हटला की सगळं तिथेच थांबतं तो शब्द, रोजच्या बोलण्यात येणार नाही असा ठेवा. आमचा ‘स्वारगेट’ आहे.

लाइफस्टाइल१४
स्वारगेट म्हटल्यावर कुणाचाही मूड जाईल, त्यामुळे काम होत असणार.

गाठनिरगाठ
तेच तर.

निळीछत्री (तीन आठवड्यांनंतर)
कुणी विचारलं नाही तरी अपडेट. फेटलाइफवर आहे. रविवारी सकाळी एका कॅफेत गेलो, औंधकडे, जागा सांगत नाही. सात जण. खरंच काही झालं नाही. एक काकू होत्या, साठीच्या असतील, त्यांनी मला दोरी उकळत्या पाण्यातून काढायला सांगितलं आणि डोसा अर्धा खाऊन बाकीचा बांधून घेतला. नवऱ्याला वाटलं होतं कंटाळा येईल, येताना तोच म्हणाला पुढच्या महिन्यात परत जाऊ. जोडप्यांचा विषय सध्या बाजूला आहे. हिपॅटायटिसचा पहिला डोस झाला.

गाठनिरगाठ
काकू कोण ते कळलं. दोरी उकळल्यावर ताणून वाळवा, नाहीतर वळते.

सह्याद्रीभटके
धागा पूर्ण वाचला नाही. पवनाचं ते फार्महाऊस कुठलं? आमचा वीस जणांचा ग्रुप आहे, फॅमिली, व्हेज जेवण हवं. ३,५०० मध्ये नाश्ता धरून आहे का?