कोरकू पेशंट आणि प्रत्येक प्रश्नाला 'हो'

बॉन्डवाला_सातारकर:
मेळघाटातल्या धारणी तालुक्यात बॉन्डवर आहे, म्हणजे डॉक्टरकी शिकल्यानंतरची सक्तीची सरकारी सेवा. वॉर्डातल्या बऱ्याच बाया कोरकू आदिवासी, भाषाही कोरकूच. मराठी जवळजवळ नाही, हिंदी कामापुरती. परवा रात्री पहिलटकरीण आली, बीपी १४०/९०. डोकं दुखतं? हो. डोळ्यांपुढे अंधारी? हो. पोटात वर दुखतं? हो. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट काढायला सांगितलं. मग शंका आली, विचारलं, "तू अमरावतीला राहतेस?" तरी हो!
सकाळी आशाताई आल्या, तेव्हा कळलं की डोकंबिकं काही दुखत नव्हतं. नवऱ्याला मध्ये घेतलं तर तो तिला न विचारताच उत्तर देतो. रात्रपाळीला तुम्ही काय करता?

निवृत्त_सिस्टर:
डॉक्टरसाहेब, हो-नाहीचा प्रश्न टाकूच नका. "कुठं दुखते, हात ठेवून दाखव" म्हणा. पाळीची तारीख काहून विचारता? होळीच्या आधी चुकली का नंतर, ते विचारा. कोरकूंची होळी मोठी, मजुरीला गेलेली माणसं त्या टायमाला गावात येतात, म्हणून ती बरोबर ध्यानात राहते. अन् सासऱ्याला आधी बाहेर काढा. एक बाई मला 'अंगावर काहीच जात नाही' म्हणत होती. म्हातारा चहाला गेला अन् तिनं लुगडं दाखवलं. रक्तानं भिजलेलं होतं.

गडचिरोलीकर:
आमच्याकडे माडिया, गोंडी. त्या द्रविड कुळातल्या. तुमची कोरकू मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. मराठीवरून अंदाज बांधायला जाल तर फसाल. वॉर्डातली मावशी कोरकू असेल तर तिच्याएवढा चांगला दुभाषी नाही. फक्त सिझरच्या संमतीला "मावशी, सांगा हिला" म्हणून अंगठा घेऊन मोकळे होऊ नका. काय करणार आणि का, हे पेशंटनं तिच्या भाषेत सांगायचं आणि मावशीनं ते तुम्हाला मराठीत. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

बॉन्डवाला_सातारकर:
सिस्टर, होळीचा उपाय आजच लागू पडला, सोनोग्राफीशी आठवड्याचाच फरक. मावशींकडून वीस वाक्यं देवनागरीत वहीत उतरवून घेतली. पहिलं 'जोर लाव'. दुपारी टेबलावरच्या बाईला म्हटलं, तर ऐन कळेत ती खुदकन हसली. मी नक्की काय बोललो, ते मावशी सांगायला तयार नाहीत.