रिफ्रेशर झाला, स्मार्टबोर्ड आला, पण वर्ग तसाच! काय करावं?

खडूधारी:
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या कॉलेजात एफवायला फिजिक्स शिकवतो, वर्गात ११० पोरं. पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायचं म्हणून २१ दिवसांचं ओरिएंटेशन (शिकवण्याच्या पद्धतीचं ट्रेनिंग) ऑनलाइन उरकलं, रिफ्रेशर म्हणजे उजळणीचा कोर्सही केला, सर्टिफिकेटं फाईलला लागली. नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या समितीच्या) भेटीआधी स्मार्टबोर्डही बसला, पण खरं सांगायचं तर त्यावर मी पीपीटीच लावतो आणि मागची चार बाकं मोबाईलमध्ये. ट्रेनिंगमधलं वर्गात खरंच चाललं असं कुणाचं काही आहे का?

मागचं_बाक:
सर, बोर्ड विसरा, प्रश्न बदला. हार्वर्डच्या एरिक माझूर यांची पीअर इन्स्ट्रक्शन (पोरांनी एकमेकांना समजवायची) पद्धत बघा, १९९० च्या दशकापासून चालू आहे आणि फिजिक्सचीच आहे. मी असं करतो, एसटीच्या काचेवर माशी आपटली, तर जास्त बल कुणी कुणावर लावलं? चार पर्याय, आधी गप्प बसून प्रत्येकाने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं आणि परत मत. पहिल्या फेरीत बहुतेक पोरं "एसटी" म्हणतात, बारावीला न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असून!! खरं तर दोन्ही बलं सारखीच. आपण लगेच उत्तर फोडायचं नाही, तेच सगळ्यात अवघड जातं. मतांसाठी प्लिकर्स हे ॲप वापरा, पोरांकडे छापील कार्ड, जे उत्तर ते अक्षर वर धरायचं, आपण एका मोबाईलने वर्ग स्कॅन करायचा.

तासिकावाली:
छान आहे, पण आम्हा सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना) ट्रेनिंगला पाठवतं कोण? तासाचे पैसे मिळतात, दोन आठवडे रिफ्रेशरला गेलं तर तेवढा पगार बुडाला. आणि आमच्याकडे निम्मे वर्ग आम्हीच घेतो. मी फेट (PhET) या वेबसाइटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवरचे प्रयोग, स्वतःच शिकले, फुकट आहेत, मराठीतही मिळतात, सर्किटवालं तर पोरं सुट्टीतही खेळत बसतात.

खडूधारी:
@मागचं_बाक काल माशीवाला प्रश्न टाकला, हात वर करूनच, कार्डं नव्हती. एवढा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातून मॅडम बघायला आल्या, पण मोबाईल एकाचाही बाहेर नव्हता. फक्त युनिट मागे पडलं, पोर्शन कसा पुरा करता? आणि प्लिकर्सचा सेट ६३ चाच दिसतोय.

मागचं_बाक:
दोघांत एक कार्ड द्या, भांडण आपोआप होतं. पोर्शनचं म्हणाल तर डेरिव्हेशनच्या नोट्स आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकतो, फळ्यावर उतरवत बसत नाही. आणि हो, कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा वाचत नाही, जाड कागदावर साधी झेरॉक्स काढा.