९,९९० वजाबाक्या म्हणजे सिद्धता?

आडगणित: देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ आठवतोय? चार अंकी आकडा घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, वजा करा, पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठलाही घ्या, गाडी तिथेच थांबते. काल लेकीने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ०००१ पासूनचे सगळे ९,९९० आकडे तपासले. जास्तीत जास्त सात पायऱ्या. "बाबा, सिद्ध झालं!" मी म्हटलं, तपासलंस, का होतं ते कळलं का? घरात अबोला. आता एआय पानंच्या पानं सिद्धता लिहितोय, तर नुसतं तपासणं म्हणजे सिद्धता का, याचा निकाल लावाच.

खडूफळा: आधी लेकीची माफी मागा. एकही आकडा सुटलेला नाही, मग शंका कसली? १९७६ साली अपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न देता चार रंगांत कुठलाही नकाशा रंगवता येतो हे असंच दाखवलं, शेकडो आकृत्या यंत्राकडून तपासून. नाकं तेव्हाही मुरडली गेली. माणसांचं काय? त्याच प्रमेयाची केम्पेची १८७९ ची सिद्धता अकरा वर्षं खपली, १८९० मध्ये हीवुडने भोक दाखवलं.

हातचा_एक: वजाबाकी दरवेळी ९९९ × (सगळ्यात मोठा अंक − सगळ्यात लहान अंक) + ९० × (मधल्या दोन अंकांतला फरक) एवढीच येते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर उरतात फक्त ५४ आकडे. वहीच्या दोन पानांत काम.

आडगणित: बघा! याला म्हणतात समजणं.

खडूफळा: ५४ तपासले की समज आणि ९,९९० तपासले की हमाली? रेघ कुठे मारायची ते सांगा. संत्री सगळ्यात दाट कशी रचायची याबद्दलचा केप्लरचा अंदाज हेल्सने १९९८ मध्ये सिद्ध केला, तर परीक्षक "९९ टक्के खात्री" म्हणून मोकळे झाले. शेवटी २०१४ पर्यंत खपून त्याने पायरीन् पायरी यंत्राकडून तपासून घेतली.

तळटीप: लिहिणारं यंत्र आणि तपासणारं यंत्र, दोघांची गल्लत होतेय. चॅटबॉटकडे मी एक सिद्धता मागितली. खरी मेख होती तिथेच गडी "हे उघड आहे" म्हणून पुढे! 'लीन'सारखा, सिद्धतेची पायरीन् पायरी तपासणारा प्रोग्रॅम ते चालवून घेत नाही. २०२४ च्या गणित ऑलिंपियाडमध्ये गूगल डीपमाइंडच्या यंत्रांनी सहापैकी चार प्रश्न सोडवले, पण ते प्रश्न लीनसारख्या काटेकोर भाषेत आधी माणसांनीच उतरवले होते. तिथे एक अट चुकली, तर भलत्याच विधानाची बिनचूक सिद्धता हातात पडेल. मला धास्ती त्याची वाटते.

आडगणित: लेकीला ५४ चं दाखवलं. अबोला सुटला. तिने लगेच पाच अंकी आकडे घेतले. तिथे एका आकड्यावर थांबतच नाही, गोल गोल फिरतं. आता तीच विचारतेय, का?

खडूफळा: प्रोग्रॅम पाठवा तिचा.